डागाळलेले हिरे आम्हाला द्या : केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

मी पुण्यात भूशास्त्र शिकवतो. मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचायला सवड झाली नाही तरी चालेल. देशात सापडणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपैकी जे डागाळलेले, तुटके, दागिन्यात न चालणारे असतात, त्यांतले काही लिलावाआधी संशोधनासाठी राखून ठेवावेत. आणि ते कुठल्या खाणीत, कुठल्या थरात सापडले याची नोंद सोबत ठेवावी.

दगडी कोळसा दाबला की हिरा होतो, हे वाक्य आजही भाषणांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास भेटते. कोळसा झाडाझुडपांचा. जमिनीवर जंगले उभी राहून ४० कोटी वर्षेही झालेली नाहीत आणि काही हिरे ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. बहुतेक हिरे १५० ते २०० किलोमीटर खोल, जुन्या भूखंडांच्या मुळाशी, प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरात, घडतात. तिथे तापमान ९०० ते १३०० अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या सुमारे ५० हजार पट. कार्बन वाहून नेणारे द्रव खडकांतून झिरपतात, वाटेतल्या खनिजांशी त्यांची रासायनिक देवघेव होते आणि कार्बनचे स्फटिक बनतात. पुढे कधीतरी, बहुधा कोट्यवधी वर्षांनी, किंबरलाइट नावाच्या ज्वालामुखी खडकाचा शिलारस त्यांना काही तासांत किंवा दिवसांत वर घेऊन येतो. तो रमतगमत आला असता तर वाटेतच हिऱ्याचे ग्रॅफाइट झाले असते.

एवढ्या खोलवर माणसाचा हात पोचत नाही. कोयना भागात गोठण्याजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेला बोअर तीन किलोमीटरचा. त्यात सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी पाया लागला. रशियात कोला द्वीपकल्पावरचा जगातला विक्रमी खोल बोअर १२ किलोमीटरच्या जरा पुढे थांबला. दीडशे किलोमीटर खालचे काही हातात घेऊन बघायचे, तर ज्वालामुखींनी वर आणलेले खडकाचे तुकडे आणि हिरे यांवरच भिस्त. त्यातही हिरा सरस, कारण तो हवाबंद डबा आहे. वाढताना जे खनिज आत अडकले ते तसेच राहते, बाहेरचे काही त्याला शिवत नाही.

सोन्या मारुती चौकातले एक ओळखीचे सराफ मला असे खडे दाखवतात आणि दर वेळी बजावतात, "सर, हा नका घेऊ, यात डाग आहे." मला डागच हवा असतो! असाच एक खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत पाव मिलिमीटरचे जांभळट लाल गार्नेट हे खनिज दिसले. त्याच्या कडा सरळ कापल्यासारख्या होत्या, कारण हिऱ्याने त्याला आपल्याच अष्टफलकी साच्यात बसवले होते. भोवती काळपट चिरा होत्या. वर येताना दाब उतरतो, गार्नेट हिऱ्यापेक्षा जास्त फुगू पाहते आणि हिरा तडकतो. गार्नेटचा रंगही बोलका असतो. जांभळट असेल तर भोवतीचा खडक पेरिडोटाइट, म्हणजे प्रावरणाचा नेहमीचा खडक. नारिंगी असेल तर एक्लोगाइट, आणि तो बरेचदा एकेकाळचा समुद्रतळ असतो, खाली ओढला गेलेला.

पण हा हिरा कुठला? सराफांना माहीत नाही, त्यांना माल देणाऱ्यालाही नाही. सुरतेत बोट्सवाना, रशिया, कॅनडा सगळे एकाच टेबलावर येते. ठावठिकाणा नसलेल्या खड्यावर वर्गात तासभर बोलता येते, शोधनिबंध लिहिता येत नाही.

ठावठिकाणा असला की काय होते ते पाहा. २०११ साली स्टीव्हन शिरे आणि स्टीफन रिचर्डसन या भूवैज्ञानिकांनी निरनिराळ्या खाणींतल्या हिऱ्यांची वये आणि आतली खनिजे शेजारी शेजारी मांडली. सुमारे ३०० कोटी वर्षांहून जुन्या हिऱ्यांत एक्लोगाइटचे कण नाहीत, त्यानंतरच्यांत आहेत. म्हणजे समुद्रतळ खाली जाण्याचे भूपट्टांचे चक्र साधारण तेव्हा सुरू झाले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०१४ साली ग्रॅहम पिअरसन यांच्या गटाला ब्राझीलच्या एका मातकट, कवडीमोल हिऱ्यात रिंगवूडाइट सापडले. हे खनिज ५०० किलोमीटरहून खाली टिकते आणि त्यात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होते. २०१६ साली इव्हान स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कलिननसारखे प्रचंड हिरे नेहमीच्या हिऱ्यांपेक्षा बरेच खोल, वितळलेल्या लोखंड-निकेलच्या द्रवात वाढतात. त्यांनी अभ्यासले काय, तर मोठे हिरे घडवताना कापून काढलेले तुकडे! जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेत अशा तुकड्यांची वानवा नसावी.

आपल्याकडे विचारण्यासारखे प्रश्न कमी नाहीत. मध्य प्रदेशातल्या पन्नाचे आणि आंध्र प्रदेशातल्या वज्रकरूरचे किंबरलाइट व त्यांच्या जातीचे खडक साधारण ११० कोटी वर्षांपूर्वीचे. छत्तीसगडमधल्या बेहराडीहचा मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे ज्या लाव्हाच्या थरांवर आमची पर्वती उभी आहे त्यांचाच समकालीन. दख्खनचा लाव्हा वर येण्याआधी आणि नंतर या भूखंडाची मुळे किती जाड होती, त्यांतले किती वितळून गेले? याचे उत्तर काही प्रमाणात या खाणींतल्या खड्यांत आहे. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद तर अकबराच्या काळात अबुल फजलने केली आहे. ते हिरे गेले ते गेलेच. कोहिनूर परत आणा म्हणून दर काही वर्षांनी आपण आरडाओरडा करतो, पण पन्नाचा डागाळलेला खडा या आठवड्यात कुठे गेला हे कुणी विचारत नाही.

अडचण कुठे आहे तेही सांगतो. पन्नाच्या उथळ खाणीत मजुराला सापडलेला हिरा राज्याच्या हिरा कार्यालयात जमा होऊन लिलावात निघतो. पन्नाजवळच्या मझगवाँची खाण एनएमडीसी या सरकारी कंपनीची, म्हणजे पोलाद मंत्रालयाची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आपले. हिरा एक, दारे तीन. आमच्या एका विद्यार्थिनीने अशाच एका दारी अर्ज केला, तेव्हा "संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा" एवढेच उत्तर आले. संबंधित कार्यालय कोणते, ते त्यात नव्हते.

मजुराच्या पैशाला हात लावा असे मी म्हणत नाही. निवडलेला खडा सरकारनेच लिलावाच्या भावाने घ्यावा; असले खडे स्वस्तच असतात. २०२३ च्या खाण कायदा दुरुस्तीने हिऱ्यासाठी खासगी कंपन्यांना अन्वेषण परवान्याची वाट मोकळी केली. त्या परवान्यात एक अट घाला : हाती लागलेले सूक्ष्म हिरे आणि किंबरलाइटचे नमुने विद्यापीठांना अभ्यासाला मिळालेच पाहिजेत. प्रयोगशाळेत हिरे पिकवण्याच्या संशोधनासाठी केंद्राने आयआयटी मद्रासला पाच वर्षांकरता सुमारे २४३ कोटी रुपये मंजूर केले, त्याचा आनंदच आहे. आम्हाला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात एक कुलूपबंद कपाट आणि एक नोंदवही पुरेल.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असलेली बरी. "बघा आणि परत करा" या अटीवर हे काम होत नाही. हिऱ्यातल्या सल्फाइडच्या कणावरून वय काढायचे, तर त्यातली रेनियम आणि ऑस्मियम ही मूलद्रव्ये मोजण्यासाठी हिरा फोडावाच लागतो. लेखापरीक्षक विचारतील, सरकारी हिरा फोडला कुणी? तेव्हा काही खडे अभ्यासात संपणार, हे नियमातच लिहा. त्या नियमाचा मसुदा पुण्यातले आम्ही काही शिक्षक करून देऊ, मानधन नको. पन्नाच्या पुढच्या लिलावाआधी मध्य प्रदेश सरकारला आपल्या सहीचे पत्र जावे, एवढे करा.

कळावे,
आपला नम्र,
भूशास्त्राचा एक शिक्षक, पुणे