सुन्यास, नालीबद्दल

नाशिक, फेब्रुवारीतला दुसरा रविवार

सुन्या,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर एकालाही गेलं नाही. शिव्या घाल, पण आधी हे वाच. बीपी ठीक, गुडघा होता तसाच.

आमच्या वायनरीच्या दाराशी पाटी लागायची आहे: ‘शाश्वत वाइन पर्यटन’. बांबूचे स्ट्रॉ आले, सोलर बसलं, आता बागेकडे तोंड करून आठ खोल्या. मालकांना तिथून डोंगर दिसतो, मला नाली दिसते. आणि नाली बघणारा माणूस माझ्या ओळखीत तूच एक.

हिशेब कर. तोडणी जानेवारी ते मार्च, पर्यटकांची गर्दीही नेमकी तेव्हाच. 100 टन द्राक्षांची साधारण 65 हजार लिटर वाइन. लिटरमागे धुलाईला तीन लिटर पाणी धरलं तर वर्षाचे दोन लाख लिटर, आणि त्यातलं निम्मं याच आठ आठवड्यांत. म्हणजे रोज 1,800 च्या आसपास. त्यात 16 पाहुणे, माणशी 180 लिटर: 2,880. शनिवारी सांडपाण्याच्या प्लांटवर अडीचपट पाणी येऊन आदळणार, आणि सोमवारी पुन्हा उपास. घाण खाणाऱ्या जिवाणूंना ना हे झेपतं, ना ते.

शिवाय आमचं पाणी आंबट. पीएच चारच्या आसपास, साखर-अल्कोहोल भरपूर, नत्र जवळजवळ नाहीच. बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, 100 असेल तर नत्र 5 आणि स्फुरद (फॉस्फरस) 1 लागतं. ते मिळालं नाही की दोऱ्यासारखे जिवाणू माजतात, गाळ तळाशी बसत नाही, फुगून पाण्याबरोबर बाहेर पडतो. मग वास थेट टेस्टिंगच्या गच्चीवर. सोव्हिन्यॉ ब्लां वाइनमध्ये पेरूचा वास हुंगायला आलेल्याला हा पेरू कसला ते कोण सांगणार? आप्पांना उभं करावं, ते कुठल्याही वासाला मातीचा सुगंध म्हणतील.

आपलं जुनं भांडण आठवतं? तू म्हणायचास मैलापाणी वेगळं ठेव. मी म्हणायचो, त्यातच नत्र फुकट मिळतो. दोघेही अर्धेच बरोबर होतो. वेगळ्या टाकीत साठवावं आणि रोज बेतानं सोडावं. वायनरीच्या पाण्यालाही दोन दिवसांचं पाणी मावेल एवढी साठवण टाकी हवी, तिथंच चुना घालून पीएच सातच्या जवळ आणायचा. खोल्या रिकाम्या असताना 100 किलो बीओडीमागे डीएपी खत 5 किलो, यूरिया 9. डीएपीतला नत्र यात धरलाय, उगाच खोडी काढू नकोस.

मला खरी भीती खोल्या साफ करणाऱ्या पोरांची. फिनेल आणि संडासचं ॲसिड सढळ हातानं ओततील आणि मेहनतीनं पोसलेले जिवाणू एका दुपारी संपतील. टाक्यांची कास्टिक सोड्यानं धुलाईही तशीच. ते पाणी वेगळं धरून, पीएच उतरवून मगच सोडायचं. त्यातला सोडियम काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं गेला तर ती चोपण होते, पाणी मुरत नाही. शक्य तिथं पोटॅशवालं रसायन वापरावं, महाग पडलं तरी. आणि द्राक्षांच्या चोथ्यावर आधी फावडं, मग पाण्याचा पाइप. 100 टनांमागे वीसेक टन चोथा निघतो. तो नालीत ढकलला तर कुठलाच प्लांट पुरा पडणार नाही. शेण आणि चुना घालून ढीग लावला की खत होतं, बिया मात्र लवकर कुजत नाहीत.

मालकांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. रक्तात अल्कोहोल 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा. चार-पाच वाइन चाखलेल्यानं रात्री गंगापूर रोडला गाडी घालण्यापेक्षा इथं झोपलेलं बरं. म्हणून खोल्यांना माझा विरोध नाही. पण आधी टाकी, मग खोल्या; पाटी सगळ्यात शेवटी. आराखड्यात टाकी पार्किंगच्या कोपऱ्यात, ठिपक्याएवढी.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे मंगेशकडून कळलं. पोरीच्या निकालाबद्दल अभिनंदन, पेढे उधार.

तुझ्या त्या जुन्या प्लांटला हवा सोडणारा ब्लोअर किती हॉर्सपॉवरचा होता, आणि स्टँडबाय होता का? बुधवारी मीटिंग आहे. आधी फोन कर.

तुझा,
दिघ्या