लालबाग ते नरिमन पॉइंट

मा. संपादक,
१९८२ च्या गिरणी संपानंतर मी कोल्हापूर सोडून मुंबईला नोकरीला गेलो, लालबागच्या चाळीत एका खोलीत सगळी आपल्याच भागातली पोरं, सकाळी करी रोडला लोकल धरायची, व्हीटीला उतरायचं आणि तिथनं बेस्टच्या डबलडेकरनं नरिमन पॉइंट, म्हणजे भोंगे बंद पडलेल्या गिरण्यांतनं थेट साहेबांच्या उंच बिल्डिंगात! वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर नाद खुळा. त्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, लई वाईट वाटलं. गिरण्यांच्या जागी आता मॉल आलेत, खानावळवाल्या मावश्या कुठं गेल्या कोण जाणे. आपल्याकडं जुन्या शिवाजी पेठेतनं बंगलेवाल्यांच्या ताराबाई पार्कात गेलं तरी थोडं तसंच वाटतं, फक्त केएमटीच्या (आपल्या महापालिकेच्या) बसमध्ये कंडक्टर ओळखीचा निघतो.
- एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर