ऊसतोडीला आलेल्या बाळंतिणींसाठी बाळंतविडा : ग्रामस्थांना आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईस राहणारे गावकरी यांस,

दिवाळी आटोपली की कृष्णाकाठच्या आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात आणि पुढे मार्च-एप्रिलपर्यंत ओढ्याकडेच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या असतात. बीड, जालना आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून येणाऱ्या या टोळ्यांत दर हंगामात काही बायका गरोदर असतात. मजुरीची आगाऊ उचल नवराबायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर घेतलेली असते आणि एक दिवस जरी काम चुकले तरी खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात, त्यामुळे दिवस भरत आले तरी यांतील बहुतेक जणी मोळ्या बांधतच असतात. बाळंतपण माहेरी करावे ही आपल्याकडची रीत आहे. या बायकांचे माहेर अडीचशे-तीनशे किलोमीटरवर राहते आणि पाचटाच्या किंवा हल्लीच्या ताडपत्रीच्या कोपीत, आई-सासू जवळ नसताना, त्यांचा बाळंतपणानंतरचा सव्वा महिना निघतो; तोही सगळ्यांना पुरा मिळतो असे नाही. अशा चाळीस बाळंतिणींना पुरतील इतके बाळंतविडे येत्या हंगामासाठी तयार करण्याचे आमच्या महिला ग्रामसंघाने ठरवले असून त्यासाठी आपली मदत मागण्याकरिता हे आवाहन करीत आहोत.

मदत कशाची हवी हे सांगण्याआधी मागील हंगामातील आमची स्वतःची चूक सांगणे आवश्यक वाटते. त्या वेळी आम्ही हौसेने वर्गणी काढली आणि तालुक्याच्या बाजारातून जाळीचे फ्रॉक, प्लास्टिकचा टब, दूध पाजण्याची बाटली, पावडर-तेलाचा एक चकचकीत संच आणि वाजणारी खेळणी असे साहित्य आणून फडावरील, म्हणजे तोड चालू असलेल्या शेतावरील, पहिल्या बाळंतिणीला दिले. आठ दिवसांनी आमच्यापैकी दोघी पुन्हा गेल्या तेव्हा टबात ज्वारीचे पीठ ठेवलेले होते, फ्रॉक पिशवीतून बाहेरही निघाले नव्हते आणि बाळ एका फाटक्या परकराच्या तुकड्यात गुंडाळलेले होते. काय दिले असते तर उपयोग झाला असता, असे तिला विचारले. ती बराच वेळ संकोचली आणि मग म्हणाली, "झाकणाची एक बादली आन् म्होरून उघडणारा गाऊन." आम्ही सगळ्या लेकुरवाळ्या असूनही हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आपल्या नेहमीच्या बाळंतविड्यात बाळाचे सगळे असते, आईच्या वाट्याला फार तर एक खण येतो.

म्हणून या वर्षी आधी आईचे सामान ठरवले आणि नंतर बाळाचे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव चार ते सहा आठवडे थोडाफार चालू राहतो आणि पहिले काही दिवस तो बराच असतो. कपडा धुवून पुन्हा वापरणे स्वस्त पडते हे खरे असले तरी जिथे पाण्याचा टँकर दिवसाआड येतो आणि कपडा उन्हात उघड्यावर वाळवायला आडोसा नाही, तिथे अर्धवट वाळलेल्या कपड्यामुळे जंतुसंसर्गाचे भय असते. यास्तव पहिल्या पंधरवड्यापुरते मोठ्या आकाराचे पॅड द्यायचे आणि पुढच्यासाठी स्वच्छ सुती घड्या द्यायच्या, असे ठरवले आहे. सोबत सुती आतले कपडे तीन-चार, समोरून उघडणारा सैल गाऊन एक, कानाला बांधायला रुमाल आणि झाकणाची बादली एक. ही बादली रात्रभर लंगोट भिजत घालायला लागते आणि एरवी प्यायचे पाणी सोडून दुसरे पाणी साठवायलाही चालते.

बाळासाठी सर्वात जास्त लागतात ते लंगोट. दिवसाला दहा-बारा सहज ओले होतात आणि पौष-माघाच्या थंडीत ते लवकर वाळत नाहीत, म्हणून प्रत्येक विड्यात चोवीस लंगोट ठेवत आहोत. बाजारातील डायपर का नाही, असा प्रश्न आमच्या बैठकीतही आला. एक डायपर दहा रुपयांना धरला आणि दिवसाला सहा लागले तर महिन्याचा खर्च १८०० रुपये होतो, आणि आमचा संपूर्ण बाळंतविडाच १८०० रुपयांत बसवलेला आहे. शिवाय वापरलेले डायपर शेताच्या बांधावर टाकण्यावाचून तिथे दुसरी सोय नाही. लंगोटांखेरीज बंदांची सहा झबली, दोन टोपडी, मोज्यांचे दोन जोड, चार दुपटी, एक जाड गोधडी, अंथरायला मेणकापड, छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी, नखे कापण्याचे छोटे यंत्र, आंघोळीचा साबण आणि अंकांत ताप दाखवणारा थर्मामीटर एवढेच बाळाचे सामान राहील. झबल्यांना बटणे नकोत, कारण ती तुटून तोंडात जातात. मागे बंद नकोत, कारण त्यावर बाळ झोपते. आणि टोपड्याची नाडी गळ्याभोवती बांधण्याइतकी लांब नको.

थंडीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी हे आपल्या घरोघरचे दृश्य आहे, पण सुक्या पाचटाच्या कोपीत शेगडी म्हणजे आगीला आमंत्रण, आणि त्या कोंडलेल्या धुराने बाळाचा श्वासही अडतो. गरम पाण्याच्या रबरी पिशवीने नाजूक कातडी भाजल्याची उदाहरणे आपल्यापैकी अनेकींना माहीत असतील. ऊब मिळण्याचा बिनखर्चाचा आणि सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरणे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी आता सरकारी रुग्णालयांतही हीच पद्धत 'कांगारू मदर केअर' या नावाने शिकवली जाते. समोरून उघडणारा गाऊन मागणाऱ्या त्या बाईला अंगावर पाजण्यापुरतीच त्याची गरज वाटली असेल, पण या कामीही तो तितकाच सोयीचा आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचे जे काम केले आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यातही बाळाला उबदार ठेवण्यासाठी शिवलेली झोपण्याची पिशवी आरोग्यदूतांच्या सामानात होती. आमच्या गटातील दोघी जुन्या गोधडीची तशी पिशवी शिवून पाहत आहेत. जमली तर प्रत्येक विड्यात एक घालू.

आता काय आणू नये, याविषयी नम्र पण स्पष्ट विनंती. दूध पाजण्याच्या बाटल्या, चोखण्या आणि बाळाच्या दुधाची पावडर कोणीही देऊ नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध पुरेसे असते, पाणीसुद्धा लागत नाही, आणि फडावर बाटली उकळून घेण्याइतके पाणी व जळण मिळणे कठीण असल्याने तीच बाटली जुलाबाचे कारण ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९९२ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनाथालय वगळता इतर कोणालाही अशा बाटल्या किंवा दुधाचे पर्याय दान करण्यास मनाई आहे. ज्या आईला खरोखर दूध येत नसेल तिला आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जाऊ. मध, गुटी, टाल्कम पावडर आणि डोळ्यांत घालायचे काजळही नको. काजळात शिसे असण्याचा धोका असतो. दृष्टीची तीट पायाच्या तळव्याला लावली तरी चालते, असे आमच्यातील सर्वात वडीलधाऱ्या आजींचे मत आहे आणि ते आम्ही प्रमाण मानले आहे. मनगटीतल्या काळ्या मण्यांविषयी मात्र आम्ही कोणाशी वाद घालणार नाही. मोहरीची उशी नको, कारण तान्ह्या बाळाला उशीच नको. चाकांचा वॉकर तर अजिबात नको; कॅनडासारख्या देशाने अपघातांमुळे २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे आणि ओबडधोबड माळावर तो तसाही चालणार नाही. लाकडी पाळणे देण्याची काही घरांची इच्छा आहे, त्यांचे आभार. परंतु टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर निघाली की ट्रॅक्टरवर पाळण्याला जागा नसते. त्याऐवजी झोळीसाठी नऊवारीचे भक्कम सुती लुगडे द्यावे.

घरात पडून असलेली सुती लुगडी, धोतरे, पंचे आणि मऊ झालेल्या चादरी हेच या वर्षी आम्हाला सर्वात मोलाचे दान वाटते. नव्या कोऱ्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले कापड बाळाच्या अंगाला सोसते आणि ओल शोषूनही घेते. नायलॉन, जॉर्जेट किंवा टेरिकॉट कितीही चांगल्या स्थितीत असले तरी या कामाचे नाही. कापड धुऊन द्यावे. गोळा झाल्यावर आम्ही ते पुन्हा उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवून आणि इस्त्री करून मगच फाडणार आहोत. शिलाई यंत्र असलेल्या भगिनींनी आठवड्यातील एक दुपार दिली तर लंगोट, दुपटी आणि गोधड्या यांवर एक पैसाही खर्च होणार नाही.

खर्चाचा हिशेब असा आहे. गेल्या महिन्यात तालुक्याच्या बाजारात भाव विचारले. झबली सहा मिळून २७०, गाऊन २७५, आतले कपडे २४०, पॅडची तीन पाकिटे २४०, मच्छरदाणी २२०, बादली १४०, थर्मामीटर १३०, मेणकापड १२० आणि किरकोळ वस्तू १६५, मिळून एका विड्याला १८०० रुपये पडतात. चाळीस विड्यांचे ७२,००० रुपये होतात. बचत गटांतील सभासदांनी २६,००० रुपये जमवले आहेत आणि ४६,००० रुपये कमी पडत आहेत. एखाद्या कुटुंबाने एक विडा पूर्ण उचलला तर उत्तमच, पण केवळ एका थर्मामीटरची किंमत दिली तरी तिची रीतसर पावती मिळेल.

जे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळते त्यावर देणगीचा पैसा खर्च करायचा नाही, हा आमचा नियम आहे. बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, बाळाच्या लसी, सरकारी रुग्णालयातील प्रसूती, तिथला आहार आणि येण्या-जाण्याचे वाहन यांसाठी आईला पैसे पडत नाहीत. मात्र परक्या मुलखात हे मागायचे कोणाकडे, हे तिला ठाऊक नसते. यासाठी प्रत्येक विड्यात माता व बाल संरक्षण कार्ड आणि आधार कार्ड ठेवायला चेन असलेली एक प्लास्टिकची पिशवी असेल. ही पिशवी फारतर दहा रुपयांची आहे, पण कोपीत भिजून किंवा उंदरांनी कुरतडून कार्ड गेले की लशींची नोंद जाते आणि मातृ वंदना योजनेच्या हप्त्यासाठीही अडचण होते. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी बाळाची भेट घ्यायची असते; आपल्या गावच्या आशाताईंनी फडावरच्या बाळांकडेही जायचे कबूल केले आहे आणि विडा त्यांच्याच हातून दिला जाईल. थर्मामीटर कसा पाहायचा, तासाभरात एक पॅड पूर्ण भिजले किंवा ताप आला तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची, हे त्याच वेळी समजावून सांगितले जाईल.

खाण्याचे स्वतंत्रपणे सांगतो. प्रत्येक बाळंतिणीला एक किलो डिंकाचे लाडू द्यायचे आहेत. अळिवाचे का नाहीत, असे विचारले गेले. ओल्या नारळातले अळिवाचे लाडू तीन-चार दिवसांत खराब होतात आणि कोपीत त्यांना थंड जागा नाही, तर सुक्या खोबऱ्यातले डिंकाचे लाडू पंधरा-वीस दिवस आरामात टिकतात. यासाठी डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस, गूळ आणि साजूक तूप वस्तुरूपाने स्वीकारले जाईल. लाडू वळायला सासवा-सुनांनी एकत्र यावे. चव कोणाच्या हातची, यावरून होणारे मतभेद समाजमंदिरातच मिटवले जातील. बाळंतशोपा आणि ओवा भाजून देणाऱ्यांचेही स्वागत आहे.

गावातील पुरुष मंडळींना दोन कामांची विनंती आहे. ज्यांच्या शेतात तोड चालू असेल त्यांनी टोळीत कोणी गरोदर वा बाळंतीण आहे का हे मुकादमाकडे चौकशी करून आशाताईंना कळवावे, आणि त्या कोपीला रोज दोन घागरी स्वच्छ पाणी आपल्या विहिरीवरून भरू द्यावे. विडा देताना छायाचित्रे काढली जाणार नाहीत आणि देणगीदारांची नावे विड्यावर छापली जाणार नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी. जमाखर्च हंगाम संपल्यावर ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल.

कापड, जिन्नस आणि रोख देणगी ग्रामपंचायत कार्यालयाशेजारील समाजमंदिरात दर बुधवारी व शनिवारी सायंकाळी ४ ते ६ या वेळेत, वसुबारसेपर्यंत स्वीकारली जाईल. बाहेरगावी असलेल्यांनी धनादेश महिला ग्रामसंघाच्या नावे काढून ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवावा किंवा दिवाळीला गावी येताना कापड सोबत आणावे. शिलाईचे काम नवरात्र संपताच सुरू होईल. येताना आपली कात्री आणावी, समाजमंदिरात दोनच आहेत.

आपल्या,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
महिला ग्रामसंघ