इंडियानाचा तेरावा सामना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावर 'इंडियानाचा फुगा फुटला' हे शीर्षक वाचले आणि हातातला चहा तसाच निवला. अमेरिकन फुटबॉलच्या महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत, बाद सामन्यांच्या पहिल्या फेरीत, आमचा इंडियाना विद्यापीठाचा संघ नोटर डेम विद्यापीठाकडून २७-१७ असा हरला, मान्य. आमचे शेवटचे दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) २७-३ नंतर, सामना हातचा गेल्यावर झाले, तेही मान्य. पण त्याच फेरीत टेनेसी ४२-१७, एसएमयू ३८-१० आणि क्लेमसन ३८-२४ असे हरले. चार पराभूत संघांत सर्वांत कमी फरक इंडियानाचा, आणि फुगा मात्र त्याचाच?

२००७ साली मी ब्लूमिंग्टनला, याच विद्यापीठात, एम.एस. करत होतो. त्याच वर्षी जूनमध्ये संघाचे प्रशिक्षक टेरी हेपनर मेंदूच्या कर्करोगाने गेले. ठरलेले १२ सामने झाले की बाउलचा, म्हणजे चांगल्या संघांना मोसमाअखेर मिळणारा खास, तेरावा सामना खेळायचाच, हा त्यांचा ध्यास होता. संघाला १९९३ नंतर बाउल मिळालाच नव्हता. नोव्हेंबरात जुन्या प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठाविरुद्ध २४-२४ अशी बरोबरी होती. अर्ध्या मिनिटाचा खेळ उरलेला असताना आमच्या ऑस्टिन स्टारने ४९ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार केला आणि आम्ही जिंकलो. मला तेव्हा नियमही धड कळत नव्हते. शेजारी माझ्या वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ होते. ओळख ना पाळख, त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि "तेरावा मिळाला, तेरावा मिळाला" म्हणत ढसाढसा रडले. आपल्याकडे तेरावा म्हटले की दुष्काळातला महिना आठवतो. पण त्या गावाने तेराव्या सामन्याची १४ वर्षे वाट पाहिली होती. तो तेरावा सामना आम्ही ओक्लाहोमा स्टेटकडून ४९-३३ असा हरलो. पण त्या गृहस्थांचे रडणे मी आजही विसरलेलो नाही.

नोटर डेमविरुद्धचा सामनाही या मोसमातला तेरावाच होता. गेल्या वर्षी १२ पैकी ९ सामने हरलेला संघ नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांच्या पहिल्याच वर्षी ११ जिंकून तिथे पोचला. या विद्यापीठाला एका मोसमात १० विजय याआधी कधीच मिळाले नव्हते. १९६७ च्या रोझ बाउलच्या संघाचेही नऊच होते. पर्ड्यूला तर यंदा ६६-० हरवले! आपले प्रतिनिधी 'सोप्या वेळापत्रकाची कृपा' म्हणतात. ओहायो स्टेटकडून ३८-१५ हरलो हे त्यांनी आवर्जून लिहिले. मग गतवर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या मिशिगनला २०-१५ हरवले, ते का गाळले?

आणखी एक. बातमीसोबत गोल, काळ्या-पांढऱ्या चेंडूचे चित्र आहे. या खेळाचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. फेब्रुवारीत सुपर बाउलच्या बातमीलाही हेच चित्र होते. तेव्हा मी पत्र पाठवले होते, ते छापले गेले नाही. हे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली
२४ डिसेंबर २०२४