किल्ली खिळ्याला

महोदय,

टेक्सासमधील उवाल्डेच्या शाळेत २०२२ मध्ये १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी १८ वर्षांचा. रायफल त्याने दुकानातून रीतसर विकत घेतली होती! स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत १९९६ मध्ये असेच घडले, तेव्हा ब्रिटनने वर्षभरात खासगी पिस्तुलांवर जवळजवळ बंदीच आणली. अमेरिकेला हे का जमत नाही, कळत नाही.

आपल्याकडे २१ वर्षांखाली परवाना मिळत नाही, हे बरे. पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरात रानडुकरांसाठी आजोबांच्या काळापासून बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस स्थानकात जमा होते, निकालानंतर परत येते. एरवी कपाटात. किल्ली देवघराच्या दाराजवळ खिळ्याला, आणि ती कुठे असते हे सातवीतल्या नातवालाही ठाऊक! (आता ती मी कमरेला बांधतो, बायको हसते.) बंदूक कशी ठेवली आहे हे पाहायला आजवर कोणी आलेले नाही. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे केली.

बागायतदाराची बंदूक काढून घ्या, असे मी म्हणत नाही. डुकरे एका रात्रीत मळा उपटतात. पण दरवर्षी घरी येऊन तपासणी करावी आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणे सक्तीचे करावे.

– एक बागायतदार, वाळपई