आठ फुटी राउटर-टेबलाला दातेरी रॅक सुचवणाऱ्या आप्पांचे जाहीर आभार

आदरणीय आप्पा,
सादर नमस्कार.

घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं यंत्र) बांधायचा म्हटलं की जो तो ‘मोटर कितीची?’ असं विचारतो. तुम्ही विचारलंत, ‘टेबल किती लांब?’ त्या एका प्रश्नासाठी हे पत्र.

प्लायची शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे लांबी २४४० मिमी. तेवढ्या लांबीचा १६ मिमी जाडीचा बॉल स्क्रू (यंत्राचा भाग सरकवणारा आटेदार दांडा, ज्याच्या नटात गोळ्या असतात) मध्ये झोल धरतो आणि वेग वाढला की दोरीउडीच्या दोरीसारखा फेकला जातो. लांबी दुप्पट झाली की सुरक्षित फेरे पावपट उरतात, हे तुम्ही आकडे मांडून पटवलंत. १.२ मीटरला मिनिटाला साधारण ११०० फेरे, २.४ मीटरला जेमतेम २८०. ५ मिमी लीडच्या (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर हा वेग मिनिटाला १.४ मीटर. राउटरचा स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) १८,००० फेऱ्यांवर असताना इतक्या सावकाश सरकलं तर कटर कापत नाही, घासतो. लाकूड काळं पडतं, धार जाते.

म्हणून लांब बाजूला दोन्हीकडे रॅक (सरळ दातेरी पट्टी), दातांचं माप मॉड्यूल १, आणि त्यावर फिरणारा २० दाती पिनियन (छोटं दातेरी चाक). एका फेऱ्यात ६२.८ मिमी. पिनियन थेट मोटरवर बसवू नका, हे तुम्ही बजावून सांगितलंत आणि ते अगदी खरं आहे. ३ न्यूटन-मीटरची मोटर थेट लावली तर कागदावर ३०० न्यूटन जोर मिळतो. २० आणि ६० दातांच्या टायमिंग पुल्या (दातेरी पट्ट्याच्या) मध्ये घातल्या की तिप्पट, ९००. ड्रायव्हर (मोटरला पल्स देणारं सर्किट) एका फेऱ्याला १६०० पल्सवर असेल तर मिलिमीटरला ७६.३९ स्टेप, म्हणजे पल्स. हा आकडा फक्त सुरुवातीला टाकायचा. मग २ मीटर चालवून, स्टीलच्या टेपने मोजून दुरुस्त करायचा.

सगळ्यात मोलाची गोष्ट जोडाची. एक-एक मीटरचे रॅक नुसते टोकाला टोक भिडवले तर जोडावरचा दात पुढे-मागे होतो आणि पिनियन दर वेळी तिथे ठोकर खातो. रॅकचा एक तुकडा उलटा करून, दातात दात बसवून जोडावर क्लॅम्प करायचा आणि मगच बोल्ट आवळायचे. सांगायला अर्धं मिनिट लागतं, पण यंत्राचं आयुष्य त्यावर असतं.

आडव्या बाजूला १६१० (१६ मिमी जाडी, १० मिमी लीड), कटर वर-खाली करणाऱ्या उभ्या झेडला १६०५ (लीड ५ मिमी) बॉल स्क्रू. झेडचा स्क्रू वीज गेली की स्पिंडलच्या वजनाने आपोआप फिरतो आणि कटर कामात रुततो. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे ब्रेकवाली मोटर किंवा गॅस स्प्रिंग हवीच. नट स्क्रूवरून काढायचा नाही, काढावाच लागला तर मधे नळी धरायची, नाहीतर गोळ्या सांडतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ड्रायव्हर बंद डब्यात कोंडायचे नाहीत, पंखा लावायचा.

आप्पा, हे सगळं तुम्ही लेथ थांबवून, एक पैसा न घेता समजावलंत. जोडाची ती रीत आता धुळे-नंदुरबारकडून विचारणाऱ्यांनाही आम्ही सांगतो, तुमच्या नावानेच.

आपले,
जळगावचे राउटर बांधणारे