ओव्हरहॉलनंतर बोटीचे इंजिन थंड राहते तेव्हा

संपादक महोदय,

ओव्हरहॉल केलेले (पूर्ण उघडून दुरुस्त केलेले) बोटीचे इंजिन तापले की सगळ्यांची धावपळ उडते. तेच इंजिन तासभर चालूनही तापमानाचा काटा ५० अंशांपुढे सरकला नाही, तर 'कूलिंग उत्तम आहे' म्हणून समाधान मानले जाते. पिस्टनवरच्या नव्या रिंगांचे वाटोळे नेमके इथेच होते.

रिंगा लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) बसायला उष्णता आणि लोड दोन्ही लागतात. डिझेल इंजिन थंड राहिले की इंधन पुरते जळत नाही, पांढरा धूर येत राहतो, न जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) उतरते आणि तेल पातळ होते. होनिंगच्या (लायनर आतून घासून पाडलेल्या) रेघा बुजून लायनरवर काचेसारखी चकाकी धरली, की पुन्हा होन केल्याशिवाय तेल खाणे थांबत नाही.

आधी काटा खरे बोलतो का, ते पाहावे. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरावा. चकचकीत धातूवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवावा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर सेंडर (काट्याला तापमान कळवणारा इंजिनावरचा सेन्सर) तपासावा. ओव्हरहॉलमध्ये बसवलेला नवा सेंडर पुष्कळदा त्या गेजच्या जोडीचा नसतो. एकाच वायरीच्या सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा खालीच राहतो. सेंडरच्या टोकाशी हवा अडकली तरी तेच.

इंजिन खरोखर थंड असेल तर थर्मोस्टॅट काढावा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, तळाला टेकू देऊ नये, आणि शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या अंशाच्या आसपास झडप हलली पाहिजे आणि गार होताच घट्ट मिटली पाहिजे. मिटलेल्या झडपेतून उजेड दिसला तर थर्मोस्टॅट बाद. तो ठीक निघाला तर सीटवरचे रबर सील पाहावे. ते राहून गेले तर पाणी बाजूने निसटते. आकडाही जुळवावा. समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनात क्षार जमू नयेत म्हणून थर्मोस्टॅट साधारण ६० अंशांचा किंवा त्याहून कमी असतो. हीट एक्स्चेंजरवर चालणाऱ्या (आतले वेगळे पाणी समुद्राच्या पाण्याने गार करणाऱ्या) इंजिनात तो बहुधा ७१ ते ८२ अंशांचा असतो. तिथे ६० अंशांचा बसवला तर इंजिन कधीच पुरते तापणार नाही.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची सवय मात्र फार घातक आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास (पाणी गार न होताच पुन्हा इंजिनात नेणारी वाट) बंद करतो. तो नसला की कमी लोडवर इंजिन थंड राहते आणि पूर्ण लोडवर गरम पाणी बायपासमधूनच फिरत राहून इंजिन तापते. तापमान वाढवण्यासाठी समुद्राच्या पाण्याचा कॉक आवळणे त्याहून वाईट: पंपातला इम्पेलर (रबरी पंखा) कोरडा पडून फाटतो आणि एक्झॉस्टचा रबरी होज जळतो.

दोष दुरुस्त झाल्यावर डिपस्टिक हुंगून पाहावी. डिझेलचा वास आला किंवा तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर तेल आणि फिल्टर बदलूनच इंजिन लोडवर घ्यावे. बंदरात तासन्‌तास आयडलवर ठेवू नये.

कळावे,
बोटीच्या इंजिनांचे काम करणारे वाचक